क्लच प्लेट गेली, पण बघितली कोणी?

घाटकोपर पश्चिमेला माझं छोटं गॅरेज आहे, त्यामुळे पुढचं वाचून धंद्यातलेच काही जण रागावतील. रागावू देत. आपल्याकडे बाइकच्या कितीतरी क्लच प्लेटा झिजल्यात की नाही हे न बघताच बदलल्या जातात, असं माझं स्पष्ट मत आहे.

गिऱ्हाईक येतं, म्हणतं, ‘‘रेस वाढते, गाडी ओढत नाही. पवईच्या चढावर तर जीवच जातो.’’ लगेच निदान होतं : प्लेटा गेल्या, सेट टाका. अरे, आधी लिव्हर तर हलवून बघा! लिव्हरच्या टोकाला थोडा ढिलेपणा, म्हणजे प्ले, असलाच पाहिजे. बहुतेक गाड्यांत तो १० ते २० मिलिमीटर असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळतो. वायर ताणून बसवली असेल, तर लिव्हर सोडल्यावरही क्लच पूर्ण पकडत नाही. प्लेटा एकमेकींवर घासत राहतात आणि जळतात.

ती वायर ताणलेली का असते, हेही सांगतो. पावसाळ्यात वायरीत पाणी शिरतं, आत गंज धरतो. लिव्हरमध्ये बसणाऱ्या गोळीजवळ तारेचे धागे एकेक करून तुटू लागतात. क्लच नीट सुटत नाही, गिअर अडकतो, सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. वायर बदलायची सोडून कोणीतरी अ‍ॅडजस्टर फिरवून ती आवळतो. गिअर पडतो, गिऱ्हाईक खूश. मग काही दिवसांनी तीच गाडी प्लेटांसाठी परत येते.

दुसरा संशयित तेल. मोटरसायकलचा क्लच बहुधा इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारच्या बऱ्याच तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. ती इथे पडली की प्लेटा घसरतात. म्हणूनच जपान्यांनी १९९८ मध्ये दुचाकींच्या तेलासाठी वेगळं मानक आणलं. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-टू’ असेल तरच घ्या. ‘एमबी’ स्कूटरला चालतं, त्यांचा क्लच कोरडा असतो. चुकीचं तेल काढून योग्य तेल भरल्यावर क्लच पुन्हा पकडल्याचंही मी पाहिलंय.

चालवणाऱ्यांनाही सोडत नाही. साकीनाक्याला २०१४ पासून डोक्यावरून मेट्रो धावतेय. खाली आमचा बाइकवाला अजून हाफ क्लचवर, दोन बोटं कायम लिव्हरवर ठेवून इंच इंच सरकतोय. थांबलात की न्यूट्रल करा ना! डिलिव्हरीच्या पोरांना मात्र बोलायला जीभ रेटत नाही. त्यांना घाई दुसऱ्याची, क्लचचं बिल स्वतःचं, वर गाडी उभी राहिली की दिवसाची कमाई बुडाली.

प्लेटा खरंच जातात, तेव्हा बदलायलाच हव्यात. पण मोजून. व्हर्नियरने जाडी बघा, स्प्रिंगची लांबी बघा, स्टीलची प्लेट काचेवर ठेवून वाकली आहे का ते तपासा. प्लेटांचे कान ज्या खाचांत सरकतात तिथे खड्डे पडले असतील, तर नुसत्या नव्या प्लेटा टाकून गिअरची तक्रार संपणार नाही.

तेव्हा गिऱ्हाईकांनो, प्ले, वायर आणि तेल बघितल्याशिवाय इंजिनचं कव्हर उघडू देऊ नका. उघडलंच तर समोर उभे राहा, आणि जुन्या प्लेटा मागून घ्या.