इंजिनाचा रोग व तेलाची निवड

आमच्या बहुतेक शेतकरी बंधूंच्या दारीं आज ट्रॅक्टर उभा असतो आणि पुष्कळांच्या अंगणांत मोटारगाडीही असते. बैलानें वैरण सोडली, कीं धन्यास त्याचें दुखणें ओळखतां येतें. इंजिनही आपलें दुखणें सांगत असतें. परंतु तें ऐकण्याची संवय आम्हां लोकांस अद्याप लागलेली नाहीं. इंजिनानें धूर सोडला किंवा आवाज केला, कीं "जरा दाट तेल टाका" हा एकच उपाय जो तो सुचवितो. निदानापूर्वीं दिलेलें हें औषध बहुधा निरुपयोगी आणि कित्येकदां अपायकारक असतें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम धुराचा विचार करूं. निळसर धूर याचा अर्थ वंगणाचें तेल सिलिंडरांत शिरून जळत आहे. तो सकाळीं इंजिन सुरू करतांना क्षणभर दिसून नाहींसा होत असेल, तर व्हॉल्व्हच्या सीलांचा संशय घ्यावा. ओझें ओढतांना एकसारखा येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा अथवा सिलिंडर झिजला असण्याचा संभव असतो. टर्बो असल्यास तोही तपासून घ्यावा. काळा धूर याचा अर्थ डिझेल अधिक व हवा कमी. येथें तेलाचा दोष बहुधा नसतो. एअर क्लीनर धुळीनें तुंबलेला असतो किंवा इंजेक्टर बिघडलेला असतो. मळणीच्या दिवसांत तर एअर क्लीनर रोज पाहावा, कारण भुशाच्या धुळीइतका इंजिनाचा दुसरा वैरी नाहीं. पांढरा धूर थंडीच्या सकाळीं थोडा वेळ आला, तर काळजी नको; परंतु इंजिन तापल्यावरही तो टिकला आणि रेडिएटरांतील पाणी घटूं लागलें, तर हेड गॅस्केट तपासावें. या तिन्ही धुरांपैकीं एकाचेंही मूळ तेल दाट केल्यानें नाहींसें होत नाहीं.

दुसरी साक्ष तेल पाहण्याच्या पट्टीची. यंत्र सपाट जागीं उभें करून, इंजिन बंद केल्यावर पांचदहा मिनिटांनीं पट्टी काढावी, पुसावी आणि पुन्हां घालून पाहावी. तेल दोन खुणांच्या मध्यें असावें. तें वारंवार उणें होत असेल, तर जळत आहे किंवा गळत आहे. न भरतां वाढलेलें दिसलें, तर तें अधिक वाईट. त्यांत डिझेल किंवा पाणी मिसळत आहे असें समजावें. डिझेल मिसळल्यास तेल पातळ होऊन त्यास डिझेलचा वास येतो. पाणी मिसळल्यास तें दुधट दिसतें. अशा स्थितींत इंजिन मुळींच चालवूं नये. केवळ काळ्या रंगास मात्र भिण्याचें कारण नाहीं. डिझेल इंजिनांतील तेल थोड्याच तासांत काळें पडतें, कारण काजळी कोठें बसूं न देतां आपल्यांत धरून ठेवणें हें त्याचें कामच आहे. उलट, इंजिन चालू असतांना तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागला, तर तास पुरा करण्याच्या लोभांत पडूं नये. जागच्या जागीं इंजिन बंद करावें; नाहीं तर बेअरिंगें जळून जातात.

आतां निवडीचा प्रश्न. डब्यावर "१५ डब्ल्यू-४०" असें लिहिलेलें असतें. हा आंकडा किंमतीचा किंवा प्रतीचा नव्हे, दाटपणाचा होय. अमेरिकेंतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेनें १९११ सालीं घालून दिलेल्या पद्धतीचें हें आजचें सुधारलेलें रूप आहे. डब्ल्यू या अक्षराच्या अलीकडचा आंकडा जितका लहान, तितकें तेल थंडींत लवकर वाहतें. पलीकडचा आंकडा १०० अंश सेल्सिअस उष्णतेस तेल किती दाट राहतें तें सांगतो. इंजिनाच्या भागांतील फटी ठराविक दाटपणाच्या हिशेबानें ठेवलेल्या असतात. तेल फार दाट झालें, तर सकाळीं इंजिन सुरू होतांच वरच्या भागांस तें उशिरां पोंचतें आणि तेवढा वेळ लोखंडावर लोखंड घासतें.

यावर कोणी म्हणेल, कीं आमच्याकडील उन्हाळा कडक, इंजिनही जुनें. मग दाट तेल कां नको? आक्षेप अगदींच निराधार नाहीं. कित्येक कारखान्यांच्या पुस्तिकेंत हवामानाप्रमाणें दोनतीन प्रकारच्या दाटपणाचें कोष्टक असतें. त्या कोष्टकांतील दाट तेल उन्हाळ्यांत खुशाल घालावें. कोष्टकाबाहेरचें घालूं नये. आणि झिजलेल्या रिंगांचा धूर त्यानें थोडा कमी झाला, तरी दुरुस्ती टळली असें समजूं नये. ती फक्त पुढें गेली.

डब्यावरील दुसरी खूण अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची. तिच्यांत "एस" हें अक्षर पेट्रोल इंजिनाचें व "सी" हें डिझेलचें. म्हणून सीएच-४, सीआय-४ या खुणा डिझेलच्या तेलांवर दिसतात. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या नियमांनंतर ज्या डिझेल मोटारींस काजळीची गाळणी आली, त्यांस राख कमी ठेवणारें तेलच लागतें; जुन्या प्रकारच्या स्वस्त तेलाच्या राखेनें ती महाग गाळणी भरून जाते. ट्रॅक्टरच्या गिअरचें व हायड्रॉलिकचें तेल निराळें. तें इंजिनांत चालत नाहीं. ज्या मोटारसायकलीचा क्लच तेलांतच बुडालेला असतो, तिच्यांत मोटारीचें तेल घातल्यास तो घसरण्याचा संभव असतो. एकच डबा घरांतील सर्व यंत्रांस वापरण्याची काटकसर शेवटीं महागांत पडते ती अशी.

मिस्त्रीवरच सर्व दोष टाकणें न्यायाचें होणार नाहीं. "खोलूं नका, कांहीं तरी घालून चालू करा" असें मालकच म्हणूं लागला, तर त्यानें करावें काय? निदानाची मजुरी देण्यास आम्ही का-कूं करतों आणि डब्याचे पैसे निमूट मोजतों. ही रीत बदलली पाहिजे.

आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें, म्हणून आमचा आग्रह नोंदीवर आहे. ज्याप्रमाणें जमिनीचा सातबारा, त्याप्रमाणें प्रत्येक इंजिनाची एक वही असावी. तींत तारीख, तासांच्या मीटरचा आंकडा, भरलेलें तेल किती व कोणत्या खुणांचें, आणि फिल्टर बदलला कीं नाहीं, एवढ्या चार रकान्या पुरे. तेल बदलण्याची मुदत कोठें २५० तास, कोठें त्याहून अधिक असते. ती आपल्या यंत्राच्या पुस्तिकेंतून पहिल्या पानावर उतरून घ्यावी. दर ५० तासांस जेथें पाव लिटर तेल भरावें लागत होतें तेथें एक लिटर लागूं लागलें, तर इंजिन बंद पडण्याच्या पुष्कळ अगोदर वही तें सांगेल. दुकानदाराकडून पावती घ्यावी आणि तीवर दोन्ही खुणा लिहवून घ्याव्या. आमच्या संस्थेनें अशा वह्या छापून सभासदांस अल्प किंमतींत दिल्या, तर तें मोठें काम होईल, अशी आमची सूचना आहे.

वाफसा कोणासाठीं थांबत नाहीं. पेरणीच्या आठवड्यांत ज्याचें इंजिन उघडून पडलें, त्याचें नुकसान दुरुस्तीच्या बिलापुरतें राहत नाहीं. त्याचा हंगाम मागें पडतो. सकाळीं दहा मिनिटें पट्टी, धूर आणि वही यांस दिलीं, तर हा प्रसंग पुष्कळांवरून टळेल.