सुनावणी कोणाची आणि कोणत्या भाषेत?

खाण वा कारखाना उभा राहण्यापूर्वी त्या परिसरातील लोकांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, ही गोष्ट आपल्या देशात १९९७ पासून कायद्याने मान्य झालेली आहे. २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेने अशा जनसुनावणीची रीतही ठरवून दिली. तीस दिवसांची पूर्वसूचना हवी, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी अध्यक्षस्थानी हवा, कामकाजाचे चित्रीकरण हवे, आणि अखेरीस झालेली चर्चा स्थानिक भाषेत वाचून दाखविली पाहिजे. कागदावर पाहता ही सोय थोडीथोडकी नव्हे. असे असता डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यात जनसुनावणीचे नुसते नाव काढले तरी लोकांच्या चेहऱ्यावर कडवट हसू उमटते. त्या हसण्याला सबळ कारण आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ज्या अहवालावर लोकांनी मत द्यावयाचे तो शेकडो पृष्ठांचा अहवाल इंग्रजीत असतो. स्थानिक भाषेत मिळतो तो केवळ त्याचा गोषवारा. विहिरींची पातळी कोणत्या ऋतूत मोजली, कोणत्या वाड्यावरच्या विहिरी मोजल्या आणि कोणत्या वगळल्या, हे गोषवाऱ्यावरून कसे कळावे? ते मूळ अहवालात शोधावे लागते, आणि भांडण तर नेमके तेथेच असते. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही गोव्याची राजभाषा झाली आणि मराठीलाही शासकीय कामकाजात स्थान मिळाले. या दोन भाषांवरून आम्ही गोमंतकीय इतकी वर्षे एकमेकांशी हिरिरीने भांडत आलो. परंतु ज्या कागदावर गावच्या पाण्याचा निकाल लागतो तो या दोहोंपैकी एकाही भाषेत पुरता मिळत नाही, याबद्दल कोणी मोर्चा काढल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

सरकारची वृत्ती पाहावयाची असेल तर २०२० साल आठवावे. त्या वर्षी मार्चमध्ये केंद्राने नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला. त्यात लोकांना मत देण्यासाठी मिळणारी तीस दिवसांची मुदत वीसवर आणण्याचे योजिले होते. मसुदा निघाला हिंदीत आणि इंग्रजीत. तो आठव्या परिशिष्टातील सर्व बावीस भाषांत उपलब्ध करावा, असे दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून रोजी फर्माविले. त्यावर केंद्राने भाषांतरकार बसविण्याऐवजी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले! लोकांनी वाचू नये म्हणून एवढा खटाटोप करणाऱ्यांनी लोकांच्या 'सहभागा'ची भाषा करावी, हा विनोद नव्हे तर काय?

दुसरा प्रकार याहून वाईट. २०२२ च्या अखेरीस गोव्यातील खाणपट्ट्यांचे लिलाव झाले, आणि जनसुनावण्यांना त्यानंतर आरंभ झाला. पट्टा कोणाला द्यावयाचा, हद्द कोठून कोठपर्यंत, सरकारला किती मिळावयाचे, हे सारे आधीच ठरलेले. मग गावाला विचारावयाचे, तुमचे काही म्हणणे आहे काय? वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. आमची घरे, शेते आणि देवळे हद्दीतून वगळा, अशी विनवणी करण्याची पाळी डिचोली तालुक्यातील गावांवर आली. लइराईच्या जत्रेला लाखो लोक शिरगावी जातात. त्या गावाचे म्हणणे लिलावाची रेषा आखण्यापूर्वी विचारले असते, तर कोणाचे काय बिघडले असते?

विषय तांत्रिक आहे, सामान्य माणसाला तो कळत नाही, असे सांगणारे विद्वान पुष्कळ भेटतात. त्यांनी एकदा खाजनाच्या बांधावर उभे राहून पाहावे. भरतीचे खारे पाणी केव्हा अडवावे, ओहोटीला मानशीची दारे केव्हा उघडावी, हे शास्त्र आमच्या शेतकऱ्यांनी पदवीवाचून शतकानुशतके सांभाळले. गावकरी संस्थेचे रीतिरिवाज पोर्तुगीज सत्तेला १५२६ च्या फोरालात नोंदून घ्यावे लागले, इतकी ती व्यवस्था घट्ट होती. (त्या गावकरीत स्त्रियांना आणि कष्टकरी कुळांना आवाज नव्हता, हेही विसरता कामा नये, ती जशीच्या तशी परत आणा, असे आम्ही म्हणत नाही.)

राहिला पोटाचा प्रश्न. ट्रकमालक, बार्जवाले, यंत्रांवरचे कामगार यांचे हाल खरे आहेत, आणि त्यांची कुचेष्टा करणाऱ्यांत आम्ही नाही. पण त्यांचा रोजगार कोणी बुडविला? २००७ च्या नोव्हेंबरनंतर गोव्यात झालेले सारे उत्खनन वैध पट्ट्यांवाचून झाले, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. पुढे २०१८ मध्ये नूतनीकरण केलेले ८८ पट्टे रद्द ठरविले. खाणी २०१२ मध्ये बंद पडेपर्यंत रोज हजारो ट्रक खनिज वाहत होते आणि कायदा राबविण्यासाठी पगार घेणारे ते पाहत होते. न्यायालयात जावे लागले ते नागरिकांच्या एका संस्थेला, गोवा फाउंडेशनला. गावचे म्हणणे वेळीच मनावर घेतले असते, तर ट्रकचे हप्ते थकण्याची वेळ कदाचित आलीच नसती.

आता थोडे आपल्याकडेही पाहू. आपली देवस्थाने जीर्णोद्धार, शिखर, सभामंडप यांसाठी देणग्या घेतात. देणगीदाराच्या नावाची पाटी भिंतीवर लागली की त्याच्या खाणीविषयी महाजनांच्या सभेत शब्द निघत नाही. देवीच्या तळीचे पाणी आटले तरी चालेल, पण पाटीला धक्का लागता कामा नये, असा हा हिशेब आहे, आणि तो आम्हांस मान्य नाही.

संपूर्ण अहवाल कोकणीत आणि मराठीत मिळेपर्यंत सुनावणीची तारीखच लावू नये, आणि सुनावणी लिलावाच्या आधी व्हावी, या आमच्या दोन मागण्या आहेत. त्या मान्य होईपर्यंत आहे त्या कायद्याचा उपयोग तरी करावा. सुनावणीस गणपूर्तीची अट नाही. दहा माणसे आली तरी ती झाली असे धरले जाते, म्हणून घरी बसून निषेध करण्यात अर्थ नाही. म्हणणे लेखी द्यावे, पोच घ्यावी, इतिवृत्त वाचले जाईपर्यंत मंडप सोडू नये. परवानगी मिळालीच तर तिच्याविरुद्ध हरित न्यायाधिकरणाकडे अपील करण्यास मूळ मुदत तीसच दिवसांची आहे. उशिराचे समाधानकारक कारण दाखविले तर आणखी साठ दिवसांपर्यंत ती वाढू शकते. या तारखा देवळाच्या फळ्यावर, पालखीच्या वेळापत्रकाशेजारी, लिहून ठेवण्यास कोणत्याही महाजन समितीला अडचण पडू नये.