सातबारा सर्व्हरवर, दुसरी प्रत कोठे?

परभणी जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांत शेतकऱ्याच्या मालकीचा पुरावा तलाठ्याच्या दप्तरातून निघून संगणकाच्या हार्ड डिस्कवर स्थिरावला आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवरून करू लागला. पीककर्ज, पीकविमा, अतिवृष्टीची भरपाई, जमिनीची खरेदी-विक्री या साऱ्यांचे धागे आता त्याच नोंदीपाशी येऊन मिळतात. त्यामुळेच ‘सर्व्हर डाऊन’ हा शब्दप्रयोग मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत भारनियमनाइतकाच परिचित झाला. बंद पडलेला सर्व्हर सायंकाळपर्यंत सुरू होतो आणि तक्रार विरून जाते. तो सुरूच झाला नाही, अथवा सुरू झाला पण आतील नोंद गायब निघाली, तर काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

विचारलाच, तर संगणक विभागाकडून बहुधा एका शब्दात उत्तर मिळते : ‘रेड’. सर्व्हरमध्ये रेड बसवले आहे, म्हणजे माहिती सुरक्षित आहे, असा त्याचा अर्थ घेतला जातो. हा अर्थ अर्धाच खरा आहे.

रेडची कल्पना १९८८ सालची. अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एका निबंधातून ती मांडली. एका महागड्या डिस्कवर विसंबण्यापेक्षा अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधाव्यात आणि त्यांतील एखादी निकामी झाली तरी काम चालू राहावे, हे त्यांचे सूत्र होते. त्याचे अनेक प्रकार आहेत. रेड-१ मध्ये एकच मजकूर एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिला जातो. रेड-५ मध्ये किमान तीन डिस्क लागतात आणि त्यांत बेरजेसारखी युक्ती असते : दोन आकडे आणि त्यांची बेरीज लिहून ठेवली, तर तिघांपैकी एक पुसला गेला तरी उरलेल्या दोहोंवरून तो काढता येतो. रेड-६ दोन डिस्कचे मरण सोसू शकते. रेड-० मात्र नावालाच रेड आहे. त्यात वेग वाढतो, संरक्षण शून्य. हा सारा हिशेब ठेवणारे स्वतंत्र कार्ड म्हणजे रेड कंट्रोलर.

डिस्क बिघडतात, आणि उत्पादक सांगतात त्याहून अधिक बिघडतात. गार्थ गिब्सन यांनीच पुढे बियांका श्रोडर यांच्यासह सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासून २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. उत्पादकांच्या पत्रकांवरून वर्षाला फार तर ०.८८ टक्के डिस्क निकामी व्हाव्यात, असे निघत होते. प्रत्यक्षात २ ते ४ टक्के डिस्क बदलाव्या लागणे नित्याचे होते, काही ठिकाणी तर हे प्रमाण १३ टक्क्यांवर गेले. तेव्हा रेडची आवश्यकता वादातीत आहे. वाद आहे तो त्याच्याकडून बाळगल्या जाणाऱ्या अपेक्षेचा.

समजा, एकाच कारकुनाला एकाच वेळी दोन नोंदवह्यांत लिहावयास बसवले. एक वही भिजली तर दुसरी कामास येईल. पण त्याच कारकुनाला चुकीचा फेरफार सांगितला, तर तो दोन्ही वह्यांत तितक्याच निष्ठेने चुकीचा उतरवील. पान फाडावयास सांगितले, तर दोन्हीकडचे पान फाडील. आणि खोलीलाच आग लागली, तर दोन्ही वह्या जळतील. रेडची अवस्था नेमकी हीच आहे. ते डिस्कच्या बिघाडापासून वाचवते. माणसाची चूक, खोडसाळपणा, संगणकीय खंडणीखोर, आग आणि पूर यांपुढे ते हतबल आहे.

परभणीसारख्या जिल्ह्यात यात विजेचा आणि उन्हाचा प्रश्न मिसळतो. वेग वाढावा म्हणून कंट्रोलर मजकूर आधी आपल्या तात्पुरत्या स्मृतीत घेतो, ‘लिहिले’ असे कळवतो आणि डिस्कवर मागाहून उतरवतो. या मधल्या क्षणी वीज गेली तर तो मजकूर टिकावा म्हणून कार्डावर लहानशी बॅटरी असते. ही बॅटरी काही वर्षांतच दमते आणि उष्णतेने अधिक लवकर दमते. नव्या कार्डांत तिच्या जागी फ्लॅश स्मृती आणि कपॅसिटर आले. जुन्या सर्व्हरमध्ये ती बदलावीच लागते. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर राहणाऱ्या शहरात सर्व्हरच्या खोलीतील वातानुकूलन यंत्र बंद पडणे हा म्हणूनच केवळ गैरसोयीचा विषय नव्हे. बॅटरी मेली की बहुतेक कंट्रोलर सावधगिरी म्हणून थेट डिस्कवर लिहू लागतात आणि काम मंदावते. वेगासाठी ही सावधगिरी बंद करण्याचा मोह कोणाला झाला, तर पुढच्या वीजखंडात नोंद अर्धवट राहण्याचा धोका असतो.

याहून सामान्य दोष दुर्लक्षाचा. रेडमधील एक डिस्क गेली तरी वापरणाऱ्याला काहीच जाणवत नाही, हेच त्याचे यश आणि हाच त्याचा सापळा. यंत्रावरचा पिवळा दिवा पाहणारा कोणी नसेल, तर तो महिनोन्महिने जळत राहतो. रेड-५ मध्ये या काळात संरक्षण उरलेलेच नसते. नवी डिस्क बसवल्यावर तिच्यावर सारा मजकूर पुन्हा रचताना उरलेल्या डिस्क सलग काही तास, मोठ्या डिस्क असतील तर दिवस-दोन दिवसही, अखंड वाचल्या जातात. एकाच वेळी घेतलेल्या, सारख्याच झिजलेल्या डिस्कपैकी दुसरी नेमकी तेव्हाच मान टाकण्याची भीती असते.

कागद जळतो, म्हणून संगणक आणावा, हा युक्तिवाद महाराष्ट्रात २१ जून २०१२ नंतर बळावला. त्या दिवशी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांवर पसरली, पाच जणांचा बळी गेला आणि असंख्य फायली भस्मसात झाल्या. पण डिस्कही जळतात. दक्षिण कोरियासारख्या प्रगत देशाला २६ सप्टेंबर २०२५ रोजी हे कळले. देजॉन येथील सरकारी डेटा सेंटरमध्ये आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामकाजाची ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. साठा फार मोठा असल्याने तिची बाहेर प्रत ठेवलेली नव्हती, असे सांगण्यात आले. आगीचे मूळ होते अखंडित वीजपुरवठ्यासाठी ठेवलेल्या लिथियम बॅटऱ्यांत.

उलट अनुभवही आहेत. २१ मार्च २०२१ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या संगणकयंत्रणेवर खंडणीखोरांनी हल्ला केला आणि कार्यालयांचे काम ठप्प झाले. प्रती वेगळ्या नेटवर्कवर असल्याने त्यांना बाधा पोहोचली नाही, असे महामंडळाने तेव्हा स्पष्ट केले. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये असाच प्रकार घडला. रुग्णनोंदणी काही दिवस हाताने करावी लागली. माहिती परत मिळाली ती हल्ल्यातून वाचलेल्या बॅकअप सर्व्हरमुळे. अशा प्रसंगी रेडचा काही उपयोग नसतो, कारण कुलूपबंद झालेली फाइलच ते इमानाने सर्व डिस्कवर लिहीत असते.

तज्ज्ञांत रूढ असलेला नियम सोपा आहे. माहितीच्या तीन प्रती, दोन निराळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी तो लोकप्रिय केला. सरकारी खजिन्याला न पेलवणारे त्यात काही नाही. संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या कंपन्यांना तर केंद्राने २०२२ मध्ये नियम बदलून रोजच्या रोज भारतातील सर्व्हरवर प्रत ठेवण्याचे बंधन घातले. शेतजमिनीच्या नोंदी सूतगिरणीच्या खतावणीहून कमी मोलाच्या नाहीत. मात्र प्रत आहे, एवढे सांगणे पुरेसे ठरत नाही. ती शेवटची उघडून, पूर्ववत करून कधी पाहिली, या प्रश्नाची तारीखवार नोंद दाखवता आली पाहिजे. सातबाऱ्याचे सर्व्हर तालुक्यातून राज्य पातळीवर गेल्याने ही जबाबदारी तहसीलदाराच्या हाती उरलेली नाही. पण तहसील कार्यालये, नगरपालिका, पतसंस्था, महाविद्यालये यांचे स्वतःचे सर्व्हर गावातच आहेत. परभणीच्या कृषी विद्यापीठासारख्या संस्थेत हवामानाचे जे मोजमाप होते, ते गेले तर तो दिवस पुन्हा मोजता येत नाही.

जुन्या कागदाची किंमत जिल्ह्याने अलीकडेच अनुभवली. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा निजाम राजवटीतील उर्दू आणि मोडी दप्तरे अभिलेख कक्षांतून बाहेर निघाली. कीड आणि दमटपणा यांतून जे वाचले होते, त्यावर असंख्य कुटुंबांचे जातप्रमाणपत्र अवलंबून होते. आता अशा दप्तरांचे स्कॅनिंग होत आहे आणि ते योग्यच आहे. स्कॅनिंग झाले म्हणून मूळ कागद मोडीत काढण्याची घाई मात्र कोणी करू नये. १९५४-५५ चे खासरा पत्रक सत्तर वर्षांनंतरही वाचता येते. सर्व्हरची डिस्क पाच वर्षे चालली असे धरले, तर तेवढ्या काळात ती चौदा वेळा बदलावी लागेल. स्कॅनिंगच्या कंत्राटाला निधी मिळतो. या चौदा खरेद्यांची तरतूद कोणत्या लेखाशीर्षाखाली व्हायची, हे आताच ठरवावे लागेल.