पवळाबाईंचा फड आणि वारशाचे नवे ठेकेदार

महाराष्ट्रात लावणीला पुन्हा बरे दिवस आले आहेत, असे अलीकडे वारंवार सांगितले जाते. शहरांतील नाट्यगृहांत लावणी महोत्सव भरतात, पांढरपेशा घरांतील मुली नऊवारी नेसून स्पर्धांत उतरतात, आणि प्रास्ताविक करणारे पाहुणे ‘आपला विस्मृतीत गेलेला वारसा आपण पुन्हा शोधून काढला आहे’ अशी ग्वाही देतात. या समाधानात सहभागी होण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारणे अवश्य आहे. हा वारसा विस्मृतीत गेला होता तो कोणाच्या? ज्या घरांत ढोलकी कधी खुंटीवरून उतरलीच नाही, त्या घरांना कसला शोध लागायचा आहे? विस्मरण एका वर्गाचे आणि कष्ट दुसऱ्याचे, असा हा व्यवहार आहे. त्याची झडती घ्यायची तर अहिल्यानगर जिल्ह्यातील संगमनेर तालुक्यासारखे दुसरे ठिकाण नाही.

या एका तालुक्याने मराठी शाहिरीला दोन मोठे कलावंत दिले. पहिले अनंत फंदी. संगमनेरचे घोलप, पेशवाईच्या उत्तरार्धातील लावणीकार आणि फटकेकार. अहिल्याबाई होळकरांच्या उपदेशावरून त्यांनी तमाशा सोडून कीर्तनाची वाट धरली, अशी आख्यायिका आहे. आज जिल्ह्याला ज्यांचे नाव दिले गेले आहे त्याच या अहिल्याबाई. फंदींचे नाव शालेय पुस्तकांतून महाराष्ट्रभर पोहोचले. संगमनेरात त्यांच्या नावाने व्याख्यानमाला चालते. हे सर्व योग्यच आहे.

दुसऱ्या कलावंत पवळाबाई भालेराव. संगमनेरजवळच्या हिवरगाव पावसा या गावी १८७० साली, तत्कालीन अस्पृश्य महार समाजात त्यांचा जन्म झाला आणि १९३९ साली त्यांचे निधन झाले. तोवर तमाशाच्या बोर्डावर बाईचे सोंग नाच्या पोऱ्या घेत असे. त्या बोर्डावर स्वतः उभी राहून गाणारी आणि नाचणारी पहिली नामांकित स्त्री म्हणून तमाशाच्या इतिहासात पवळाबाईंची नोंद होते. मराठी रंगभूमीवर स्त्रियांनी काम करावे की नाही याची चर्चा पुण्या-मुंबईच्या सभांतून रंगत होती, तेव्हा हिवरगावची एक बाई हजारोंच्या गर्दीपुढे उभी राहून तो प्रश्न प्रत्यक्षात निकालात काढीत होती. मात्र स्त्रीमुक्तीच्या इतिहासात तिला मानाचे पान मिळाले नाही. तिचे नाव येते ते बहुधा पठ्ठे बापूरावांच्या चरित्रातील एक प्रकरण म्हणून.

पठ्ठे बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. त्यांच्या प्रतिभेबद्दल वाद नाही. जातीची बंधने झुगारून ते फडात आले आणि त्याची किंमत त्यांनी मोजली, हेही खरे. पण या कथेचे आजवरचे कथन पाहावे. कुलकर्ण्यांनी ब्राह्मण्य सोडले हा ‘त्याग’ ठरतो आणि पवळाबाईंनी आयुष्यभर केलेले कष्ट ‘सौंदर्य’ ठरतात. त्याला आदरार्थी बहुवचन, तिला नुसते ‘पवळा’. लावणी लिहिणाऱ्याची आणि तिला गळा देणारीची काय ही वाटणी! कवन कागदावर असते तोवर ते अर्धेच असते. ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात जत्रेच्या कोलाहलावर मात करणारा उंच स्वर, झीलकऱ्याने तो स्वर उचलून धरण्याची रीत, ढोलकीच्या तोड्यावर थांबण्याची आणि हलगीच्या कडकडाटात पुन्हा उसळण्याची जाण, हे सारे मिळून फडाचे संगीत होते. ते घडविणाऱ्यांपैकी एकाचे नाव राहिले; बाकीच्यांची गणना ‘साथीदार’ या एका शब्दात झाली.

या संगीताला ‘अशिष्ट’ म्हणून बाजूला सारण्याची रीत फक्त महाराष्ट्राची नाही. अमेरिकेतील डेट्रॉइट या मोटार कारखान्यांच्या शहरात हॅकनी आडनावाच्या तीन कृष्णवर्णीय भावांनी, डेव्हिड, बॉबी आणि डॅनिस यांनी, १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात एक वाद्यवृंद उभारला. त्याचे नाव त्यांनी ‘डेथ’, म्हणजे मृत्यू, असे ठेवले. गिटार, बास आणि ड्रम एवढ्याच सामग्रीवर, अतिशय वेगाने आणि मुद्दाम खडबडीत ठेवलेल्या आवाजात ते गात. पुढे ज्या संगीताला ‘पंक’ म्हटले गेले, त्याचे श्रेय गोऱ्या तरुणांच्या वाद्यवृंदांना मिळाले. हे भाऊ मात्र १९७५ सालीच तसे संगीत ध्वनिमुद्रित करीत होते. एका बड्या कंपनीचे प्रमुख क्लाइव्ह डेव्हिस यांना संगीत पसंत पडले, पण नाव बदलण्याची अट आली. थोरल्या डेव्हिडने ती नाकारली. सौदा फिसकटला. १९७६ साली भावांनी स्वतःच्या खर्चाने एका तबकडीच्या ५०० प्रती काढल्या आणि पुढे तीन दशके त्यांची दखल घेतली गेली नाही. २००० साली डेव्हिड वारला. संग्राहकांच्या हाती त्या जुन्या तबकड्या लागल्या, घरात जपून ठेवलेल्या फिती बाहेर आल्या आणि २००९ साली ते संगीत प्रसिद्ध झाले. उरलेले दोघे भाऊ उतारवयात पुन्हा मंचावर उभे राहिले.

ही कथा येथे सांगण्याचे कारण एवढेच की, ‘पुनर्शोध’ या शब्दाची कसोटी तिच्यातून मिळते. डेट्रॉइटमध्ये शोध उशिरा लागला, ज्याने नाव विकले नाही त्याला तो पाहता आला नाही. पण तो निदान हयात माणसांपर्यंत पोहोचला. त्यांची नावे तबकडीवर छापली गेली आणि मंच त्यांचाच राहिला. महाराष्ट्रातील लावणीचा पुनर्शोध फडाच्या माणसांपर्यंत पोहोचला आहे काय?

पोहोचलेला नाही, हे कटू असले तरी स्पष्टपणे मांडले पाहिजे. आणि याचा दोष एकट्या बाजाराला देता येणार नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच वर्षांत मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणास्तव तमाशावर बंदीचा बडगा उगारला, मग सुधारणेसाठी समिती नेमली, आणि संहिता तपासून घेण्याच्या अटीवर तमाशाला जगण्याची परवानगी दिली. डेट्रॉइटच्या भावांपुढे नाव बदलण्याची जी अट आली, तीच इथे ‘लोकनाट्य’ या शब्दाच्या रूपाने आली. हातावर पोट असलेल्या फडांना ती नाकारणे परवडणारे नव्हते. चित्रपटसृष्टीने तर फडाचा मुखवटा उचलला आणि माणसे तिथेच सोडली. ‘सांगत्ये ऐका’ हा १९५९चा चित्रपट पुण्यात दोन वर्षांहून अधिक काळ चालला. ‘पिंजरा’ने १९७२ साली घराघरांत लावणी नेली. पडद्यावरची तमासगीर बाई मध्यमवर्गाने डोक्यावर घेतली आणि जत्रेतली खरी बाई पूर्वीइतकीच अस्पृश्य राहिली.

यावर पुरोगामी वर्तुळातून एक आक्षेप हटकून येतो. लावणी ही सरंजामी विलासाची कला आहे. दौलतजादा उधळणाऱ्यांच्या नजरेखाली दलित आणि कोल्हाटी स्त्रियांना नाचविणारी ही प्रथा. तिचे गोडवे समतावाद्यांनी कशाला गावेत? हा आक्षेप हलक्याने झटकून टाकण्यासारखा नाही. खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो कृतीतून मांडला होता. महाडच्या लढ्यासाठी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देण्याची तयारी पठ्ठे बापूरावांनी दाखविली, तेव्हा अस्पृश्य स्त्रियांना नाचवून मिळविलेला पैसा नको, असे सांगून बाबासाहेबांनी ती देणगी नाकारली, हा प्रसंग आंबेडकरी चळवळीच्या आठवणींत नोंदलेला आहे. लढ्याला पैशाची नितांत गरज असताना दिलेला हा नकार होता. वारशाचे उत्सव भरविणाऱ्यांनी त्याचे मोल आधी समजून घ्यावे आणि मगच पवळाबाईंच्या तसबिरीला हार घालावा.

परंतु त्या नकाराचा अर्थ तरी काय? ढोलकी आणि तुणतुणे अपवित्र आहे, असा तो खासच नव्हता. १९३१ साली नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक यांनी आंबेडकरी जलसा उभा केला, तो त्याच वाद्यांवर आणि गण, बतावणी, वग यांच्या त्याच चौकटीत. सत्यशोधकांच्या जलशांनी ती वाट आधीच पाडून ठेवली होती. पुढे १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लालबावटा कलापथकाने तीच चौकट गिरणगावात नेली. बाबासाहेबांनी झिडकारला तो बाईच्या देहावर आणि जातीवर उभा असलेला व्यवहार. वाद्य त्यांनी झिडकारले नाही. हा भेद ज्यांना कळला त्यांनी जलसा उभारला. ज्यांना कळला नाही, त्यांच्यापैकी काहींनी कला फेकून दिली आणि काहींनी व्यवहार तसाच ठेवून तिला संस्कृतीचे लेबल लावले.

तरीही एक प्रश्न अनुत्तरित राहिला आणि तो चळवळीच्या पदरात टाकलाच पाहिजे. जलशात स्त्रीची भूमिका पुरुष करीत. स्त्रीचा अपमान होऊ नये हा हेतू उदात्त होता. पण फडात गाऊन पोट भरणाऱ्या बाईला तिथे जागा झाली नाही. समाजवाद्यांची गोष्ट निराळी नाही. रावसाहेब आणि अच्युतराव पटवर्धनांचा हा जिल्हा. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने तमाशाचा बाज घेऊन एक काळ गाजविला, पु. ल. देशपांड्यांनी ‘पुढारी पाहिजे’सारखे लोकनाट्य त्यासाठी लिहिले. बाज उचलला गेला. ज्यांचा तो बाज, त्या स्त्रियांना मात्र त्या व्यासपीठावर क्वचितच बोलावले गेले. पुढाऱ्याचे भाषण सुरू होईपर्यंत गर्दी धरून ठेवणारा शाहीर, एवढीच कलावंताची किंमत चळवळीने अनेकदा केली. मग फडातल्या बाईची काय कथा?

तिची कथा कामगाराची आहे, आणि तिथूनच समाजवाद्यांनी तिच्याकडे पाहिले पाहिजे. तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि चैत्र-वैशाखाच्या जत्रांनी संपतो. हंगामाआधी कलावंत फडमालकाकडून ‘उचल’ घेतो. फडमालक तीच रक्कम सावकाराकडून व्याजाने आणतो. उचल फिटेपर्यंत कलावंत त्या फडाला बांधलेला. याच जिल्ह्यातील पाथर्डी-शेवगावचा ऊसतोड मजूर याच सुमारास मुकादमाकडून जी रक्कम घेऊन कोयता खांद्यावर टाकतो, तिचेही नाव ‘उचल’च आहे. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे कौतुक करताना तोडणी कामगाराची उचल जशी हिशेबातून गळते, तशी लावणीच्या वारशाचे कौतुक करताना तमासगिराची उचल गळते. दोघांचे बिऱ्हाड वर्षाचे सहा-सात महिने उघड्यावर, दोघांची मुले शाळेबाहेर. एकाच्या घामाला साखर म्हणतात आणि दुसऱ्याच्या घामाला संस्कृती. २०२० आणि २०२१ साली महामारीने जत्रा बंद पाडल्या तेव्हा ही संस्कृती कोणी पोसली? फडांच्या गाड्या जागेवर उभ्या राहिल्या आणि कलावंत रोजंदारीला गेले. ज्यांनी संगमनेरातून आयुष्यभर फड चालविला त्या कांताबाई सातारकर याच काळात, मे २०२१ मध्ये, गेल्या. श्रद्धांजलीचे मथळे मोठे होते. फडांचे कर्ज मथळ्यांनी फिटत नाही.

विद्येच्या क्षेत्रात मात्र काही काम झाले आहे, ते मान्य केले पाहिजे. शर्मिला रेगे यांनी लावणीकडे स्त्रीच्या श्रमाच्या आणि जातीच्या दृष्टीने पाहण्याचा मार्ग घालून दिला. मूळच्या याच जिल्ह्यातील पोहेगावच्या शैलजा पाईक यांनी तमाशातील दलित स्त्रियांवर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात पवळाबाईंना इतिहासाच्या केंद्राशी आणले. तो ग्रंथ २०२२ साली प्रसिद्ध झाला. २०२४ साली पाईक यांना अमेरिकेतील मॅकआर्थर शिष्यवृत्ती मिळाली. संगमनेरच्या बाईचे मोठेपण कोपरगावच्या लेकीने सातासमुद्रापलीकडे जाऊन सांगावे आणि ते ऐकून इथल्यांनी तिची दखल घ्यावी, यात अभिमानाइतकीच शरमही आहे.

मग कार्यकर्त्यांनी करायचे काय? उत्सव भरविणारे पुष्कळ आहेत; त्यात आणखी एकाची भर नको. करण्याजोगी कामे साधी आणि चिकाटीची आहेत. जिल्ह्यातील वृद्ध तमासगिरांच्या घरी कवनांची बाडे आहेत, ती त्यांच्या मालकीची ठेवून त्यांच्या नकला करून घ्याव्यात. जुन्या झीलकऱ्यांचे, ढोलकी आणि हलगी वाजविणाऱ्यांचे वादन त्यांच्या नावानिशी ध्वनिमुद्रित व्हावे. वृद्ध कलावंतांच्या मानधनाचे अर्ज भरून ते मंजूर होईपर्यंत कचेरीचे उंबरे झिजवावेत. फडाच्या हंगामासाठी कमी व्याजाने सहकारी कर्ज मिळावे, जेणेकरून उचलीची साखळी तुटेल. आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी जी वसतिगृहे मागितली जातात, तीत तमासगिरांच्या मुलांचे नाव घालावे. ज्या बाईला बोर्डावर उभे राहायचे आहे तिला सन्मानाने उभे राहता यावे, आणि जिला तो सोडायचा आहे तिला दुसऱ्या पोटाच्या वाटेने जाता यावे. या दोन स्वातंत्र्यांपैकी एक जरी नसेल तर वारशाची सारी भाषा पोकळ आहे.

पवळाबाईंना कोणी शोधून काढण्याची गरज नव्हती. हिवरगाव पावसा नकाशावर आहे, संगमनेरहून तिथे एस.टी. जाते. अडला होता तो तिथे जाणाऱ्यांचा पाय.