दहाच कोंबड्या, पण शेजाऱ्यांना धरून

परसात कोंबड्या पाळायच्या ठरल्या की पहिला प्रश्न येतो, ‘कुठली जात घेऊ?’ मी उलट विचारतो, घरात अंडी किती लागतात आणि रात्री आठवणीनं खुराड्याचं दार कोण लावणार? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर पहिल्याची घाई करू नका.

आपली गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं परसासाठीच तयार केलेली ग्रामप्रिया त्याच्या दुपटीहून जास्त देते. वनराजा तिथलीच, पण अंगानं भारी. अंड्यांबरोबर कोंबडाही विकायचा असेल तर ती घ्या. मात्र तिला पोटभर दाणे घालत बसू नका. चरबी चढली की अंडी घटतात आणि कुत्रं मागे लागलं तर तिला पळताही येत नाही. पांढरी लेगहॉर्न पिंजऱ्यातच बरी. मोकळ्यावर घारीला ती लांबून दिसते.

कडकनाथचं विचारल्याशिवाय कुणी राहत नाही. पक्षी चिवट आहे, झाबुआच्या त्या कोंबडीला 2018 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण अंडी कमीच, आणि ती काळी नसतात. कुणी काळं अंडं दाखवलं तर पाकीट खिशातच ठेवा. ‘पिल्लं आमची घ्या, अंडी आम्हीच चढ्या भावानं परत घेऊ’ या बोलीवर सांगली भागात किती घरं बुडाली, ते 2019 साली सगळ्यांनी पाहिलंय.

सुधारित जातींची एक खोड विकणारा सहसा सांगत नाही. त्या खुडूक होत नाहीत. अंडी देत राहतात, पण त्यांवर बसत नाहीत. म्हणून दहात दोन गावठी तलंगा ठेवाच. एक खुडूक झाली की तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवायची, एकविसाव्या दिवशी पिल्लं. पुढच्या पिढीत अंडी थोडी कमी होतात, तेवढं चालवून घ्यावं. दहा माद्यांना कोंबडा एकच पुरे. नुसती खायला अंडी हवी असतील तर तोही नको.

एक दिवसाची पिल्लं स्वस्त म्हणून आणू नका. त्यांना तीन-चार आठवडे दिव्याची ऊब लागते, आणि वीज नेमकी रात्री जाते. महिना-दीड महिन्याची, लस झालेली पिल्लं महाग पडतात, पण जगतात. खुराडं जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, जाळी बारीक, कडी पक्की. एकदा माझी कडी लावायची राहिली आणि मुंगसानं एका रात्रीत सात मारल्या. खाल्ली एकच. दिवसभर चरू द्या, कण्या किंवा ज्वारी संध्याकाळीच टाका. म्हणजे त्या आपणहून घरी येतात. अंड्याचं कवच पातळ येऊ लागलं तर शिंपल्याचा चुरा द्या.

आता खरं कळीचं. मुंगसानं सात जातात, मानमोडीच्या रोगानं अख्खी आळी रिकामी होते. त्यावर लस आहे. पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि दोन महिन्यांची झाली की टोचायची. पण कुपी बहुधा शंभर पक्ष्यांची असते, आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? म्हणून लस राहून जाते.

तेव्हा एकट्यानं पन्नास पाळण्यापेक्षा पाच-सहा घरांनी दहा-दहा पाळा. पिल्लं एकाच आठवड्यात आणा, पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी कळवून दिवस ठरवा, आणि लस बर्फात ठेवून आणायला थर्मास न्या. ज्यानं कोंबड्या पाळल्यात पण लसीला ‘नको’ म्हणतोय, त्याच्या घरी आधी जा.