मणका मोडतो आमचा, टायटॅनियम कुणाला?

अलीकडे वर्तमानपत्र उघडले की पानभर जाहिरात दिसते. रोबोटच्या मदतीने गुडघेबदल, दुर्बिणीतून मणक्याची शस्त्रक्रिया, दुसऱ्या दिवशी चालत घरी. जाहिरातीतला माणूस ट्रॅकसूट घालून बागेत फिरत असतो. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी बाई त्या जाहिरातीत कधी दिसत नाही. घमेले घेऊन पाचव्या मजल्यावर चढणारा बिगारी दिसत नाही. मार्केट यार्डातला हमाल दिसत नाही, गटारात वाकणारा सफाई कामगार दिसत नाही. ज्यांचा मणका सर्वांत आधी झिजतो आणि ज्यांचे हाड सर्वांत जास्त वेळा मोडते, तेच या नव्या विज्ञानाच्या चित्राबाहेर आहेत. ते बाहेर कुणी ठेवले, हा आमचा प्रश्न आहे.

आम्ही विज्ञानाच्या विरोधात नाही. बाबासाहेबांचा अनुयायी विज्ञानाच्या विरोधात असूच शकत नाही. आमचा आक्षेप विज्ञानाच्या वाटपावर आहे. टायटॅनियमला जात नसते, पण ते कुणाच्या अंगात जाईल हे या देशात अजूनही पैसा, ओळख आणि जात ठरवते. हे बोलले की तीन उत्तरे तोंडावर फेकली जातात. त्यांचा एकेक करून समाचार घेऊ.

उत्तर पहिले : 'हे सगळे आपल्याकडे आधीच होते'

ऑक्टोबर २०१४ मध्ये मुंबईत एका रुग्णालयाच्या कार्यक्रमात देशाच्या पंतप्रधानांनी गणपतीच्या मस्तकाचा दाखला देऊन त्या काळी प्लास्टिक सर्जरी असावी, असे म्हटले. सभागृहात डॉक्टर बसले होते.

सुश्रुतसंहितेत शस्त्रक्रियेचे ज्ञान आहे, मोडलेल्या हाडांचे प्रकार आहेत, प्रेत पाण्यात ठेवून शरीर अभ्यासण्याची रीतही आहे. हे आम्ही नाकारत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. हे ज्ञान पुढे का गेले नाही? ज्या धर्मशास्त्राने प्रेताचा, रक्ताचा, हाडाचा स्पर्श विटाळ ठरवला, त्याने शल्यवैद्याचा हातच बांधला. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात वैद्याचे अन्न पुवासारखे त्याज्य ठरवले आहे. रोग्याच्या जखमेत हात घालणाऱ्याचे अन्न ज्या समाजात अपवित्र, तिथे शस्त्रक्रियेची विद्या वाढणार कशी? याउलट विनयपिटकाच्या महावग्गात जीवक भेटतो. तक्षशिलेत शिकलेला, बिंबिसाराचा आणि भिक्खुसंघाचा वैद्य. कवटी उघडून उपचार केल्याची त्याची कथा तिथे सन्मानाने सांगितली आहे. रोग्याची सेवा ही बुद्धाची सेवा मानणाऱ्या परंपरेला जखमेचा विटाळ होत नव्हता.

१८३६ मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्तांनी शवविच्छेदन केले, तेव्हा ती क्रांती ठरली. म्हणजे मधल्या काळात प्रेताला हात लावणे ही उच्चवर्णीयाला अशक्य गोष्ट झाली होती. मग प्रेताला हात लावत कोण होते? गावातले मेलेले ढोर ओढत होतो आम्ही. कातडे सोलत होतो आम्ही. बंगालमध्ये प्रेते हाताळत होता डोम समाज. भारतातून माणसांचे सांगाडे जगभरच्या मेडिकल कॉलेजांना निर्यात होत, तो धंदा १९८५ मध्ये बंदी येईपर्यंत चालला. ती हाडे साफ करण्याचे काम डोमांच्याच माथी होते. जगातल्या कित्येक डॉक्टरांनी शरीररचना शिकली ती या 'अस्पृश्य' हातांनी घासून दिलेल्या हाडांवर. हाडाचे ज्ञान ज्यांच्या बोटांत होते त्यांना शाळेची पायरी चढू दिली नाही आणि आता त्याच हाडाच्या विज्ञानावर 'आमच्या पूर्वजांचे' असा शिक्का मारायला निघाले आहेत.

उत्तर दुसरे : 'बाजाराला हात लावू नका, नवे तंत्रज्ञान येणार नाही'

आधी नवे म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण कार्यकर्त्याला हे माहीत असले पाहिजे.

हाड जिवंत असते. त्याच्यावर भार पडला तर ते मजबूत होते, भार काढला तर विरघळत जाते. जुनी पोलादी पट्टी हाडापेक्षा सुमारे दहापट ताठ असते. सगळा भार तीच उचलते आणि तिच्याखालचे हाड दुबळे होते. टायटॅनियमचा ताठपणा पोलादाच्या साधारण निम्मा, शिवाय हाड त्याला चिकटून वाढते. हे स्वीडनच्या ब्रेनमार्क यांना १९५० च्या दशकात सशांवरच्या प्रयोगांत आढळले. पुढे 'पीक' नावाचे प्लास्टिक आले. त्याचा ताठपणा हाडापेक्षाही कमी, म्हणून मणक्यांच्या मधल्या पिंजऱ्यासाठी ते वापरतात. हाडातल्याच खनिजासारखे हायड्रॉक्सिॲपेटाइट आले. आता थ्रीडी छपाईने सच्छिद्र टायटॅनियमचे भाग बनतात, हाड त्या छिद्रांत शिरून वाढते. हे सगळे माणसाच्या बुद्धीचे मोठे काम आहे.

आता बाजाराकडे या. ऑगस्ट २०१७ मध्ये औषध किंमत नियामक प्राधिकरणाने गुडघ्याच्या इम्प्लांटची किंमत बांधली. कोबाल्ट-क्रोमियमचा जो गुडघा सरासरी १,५८,३२४ रुपये छापील किमतीला विकला जात होता, तो ५४,७२० रुपयांवर आला. टायटॅनियमसारख्या खास धातूचा २,४९,२५१ वरून ७६,६०० वर आला. जीएसटी वेगळा. मधल्या साखळीचा सरासरी नफा तीनशे टक्क्यांच्या वर असल्याचे सरकारनेच सांगितले. म्हणजे रुग्ण जी किंमत मोजत होता, तिच्यातला सर्वांत मोठा वाटा विज्ञानाचा नव्हताच. तो वितरकाचा आणि रुग्णालयाचा होता. त्याच वर्षी हृदयाच्या स्टेंटची किंमत बांधली, तेव्हा काही परदेशी कंपन्यांनी माल मागे घेण्याची परवानगी मागितली होती. देशात स्टेंट बसवणे बंद पडले का? गुडघे बदलणे थांबले का?

पण मणक्याचे काय? मणक्याचे स्क्रू, सळया, पिंजरे यांना अशी कमाल किंमत बांधलेली नाही. १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणे औषधांच्या व्याख्येत आली, त्यामुळे छापील किंमत वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही एवढेच. जी किंमत मुळातच फुगवलेली आहे, तिच्यावर दहा टक्क्यांचा लगाम म्हणजे चोराला हळू पळ म्हणण्यासारखे आहे.

आणि नवे ते चांगलेच असते का? डीप्यू कंपनीचा 'एएसआर' हा धातूवर धातू घासणारा खुबा नवा म्हणूनच विकला गेला. घासून निघालेले कोबाल्ट आणि क्रोमियम रुग्णांच्या रक्तात उतरले. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून परत मागवला. भारतात त्याच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. केंद्राने नेमलेल्या समितीचा अहवाल लोकांसमोर यायला २०१८ उजाडले आणि तोवर बहुसंख्य रुग्णांचा मागही लागत नव्हता. कारण कुणाच्या अंगात कोणत्या क्रमांकाचा खुबा आहे याची धड नोंदच नव्हती.

हाड वाढवणारे 'बीएमपी-२' हे प्रथिन २००२ मध्ये अमेरिकेत मणक्यासाठी मंजूर झाले. कंपनीच्या पैशाने झालेल्या अभ्यासांनी दुष्परिणाम जवळपास नाहीतच असे सांगितले. २०११ मध्ये मणक्याच्या तज्ज्ञांच्याच नियतकालिकाने ते अभ्यास तपासले आणि दुष्परिणाम दडवले गेल्याचे उघड केले. पिचलेल्या मणक्यात सिमेंट भरण्याचे तंत्र असेच गाजले. २००९ मध्ये दोन चाचण्यांत काही रुग्णांना खरे सिमेंट भरले, काहींवर नुसती लुटुपुटूची प्रक्रिया केली. दोन्ही गटांच्या वेदनेत ठळक फरक दिसला नाही. विश्वास ठेवण्याआधी तपासा, हे कालामांना सांगितले गेले होते. इम्प्लांटच्या माहितीपत्रकालाही तोच नियम लागू आहे.

बाजाराशिवाय नवे काही घडत नाही, हेही खोटे आहे. सोव्हिएत रशियात सैबेरियाच्या कुर्गान गावी इलिझारोव्ह यांनी कड्या आणि तारांचे साधे यंत्र बनवून मोडलेली, आखूड झालेली हाडे वाढवून दाखवली. 'साइन' ही अमेरिकी संस्था गरीब देशांच्या रुग्णालयांना मांडीच्या आणि नडगीच्या हाडाची अशी सळई देते, जी शस्त्रक्रियेच्या टेबलावरच्या महागड्या एक्स-रे यंत्राशिवाय बसवता येते. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा या सरकारी संस्थेने हृदयाची स्वस्त झडप बनवली आणि १९९० मध्ये ती पहिल्यांदा माणसाला बसवली. बनारसचे डॉ. तुली यांनी मणक्याच्या क्षयरोगात आधी औषधे आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया हा 'मध्यम मार्ग' घालून दिला. क्षयाने कणा पोखरतो तो बहुतेक वेळा गरिबाचाच. त्याच्यासाठी सर्वांत आधुनिक उपचार रोबोट नाही. वेळेवर निदान आणि न चुकता मिळणाऱ्या गोळ्या हाच तो उपचार आहे. पाठदुखी घेऊन वर्षभर भगताकडे आणि मेडिकल दुकानात फिरल्यावर पाय लुळे पडतात, मग कुणीतरी एमआरआय लिहून देतो. इथे कमी पडते ती व्यवस्था.

उत्तर तिसरे : 'तुमच्यासाठी योजना आहेत ना!'

आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, पाच लाखांचे संरक्षण आहे. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवण्याची उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना २००६ पासून आहे. इम्प्लांटचा आकार खरेदीच्या किमतीनेच लावायचा, असेही तिच्यात आहे. कागद आमच्या बाजूने आहे. दरवाजावरचा माणूस नाही.

आम्ही वस्तीत काम करतो म्हणून एक उदाहरण सांगतो. परांचीवरून पडलेल्या एका बिगाऱ्याच्या कमरेचा मणका पिचला. योजनेतून शस्त्रक्रिया मंजूर झाली, आणि मग नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगण्यात आले की योजनेतले स्क्रू साधे असतात, 'चांगले' हवे असतील तर चाळीस हजार वेगळे. त्याच्या बायकोने गळ्यातले विकायची तयारी केली होती. आमच्या कार्यकर्त्यांनी एकच गोष्ट मागितली : जास्तीची रक्कम कशासाठी, ते लेखी द्या. लेखी मिळाले नाही. चाळीस हजारही द्यावे लागले नाहीत. स्क्रू कोणते बसले? विचारल्यावर वेष्टनावरची चिकटपट्टी मिळाली, आणि ती टायटॅनियमचीच निघाली. मग ते 'साधे' आणि 'चांगले' काय होते? बाईच्या भीतीची ती किंमत होती.

बाबासाहेबांनी काय केले होते?

१९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या खात्याच्या काळात प्रा. अडारकरांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल १९४४ मध्ये दिला. त्यातूनच १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. कामगाराचे शरीर मोडले तर त्याची जबाबदारी मालकाची आणि राज्याची, दयेची नाही, हा त्यामागचा विचार. १९६९ चा माथाडी कायदा त्याच विचाराच्या वाटेवरचा आहे. पण आज ईएसआयचे कवच महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या, नोंदलेल्या आस्थापनेतल्या कामगारापुरते आहे. नाक्यावर उभा राहणारा बिगारी, उचल घेऊन गेलेले ऊसतोडीचे जोडपे, कंत्राटी सफाई कामगार प्रत्यक्षात अनेकदा त्याच्या बाहेर. आमचे लोक जिथे आहेत, नेमका तिथेच कायदा संपतो.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत.

१. गुडघ्याप्रमाणे मणक्याच्या आणि मोडलेल्या हाडाच्या सर्व इम्प्लांटची कमाल किंमत बांधा.

२. प्रत्येक इम्प्लांटची राष्ट्रीय नोंदवही ठेवा. कंपनी, क्रमांक, रुग्ण, रुग्णालय यांची नोंद सक्तीची करा.

३. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात एमआरआय आणि मणक्याचा शल्यविशारद द्या. पायाला मुंग्या येणाऱ्या माणसाला मुंबई गाठायला लावू नका.

४. ऊसतोड, बांधकाम आणि कंत्राटी सफाई कामगारांना ईएसआयच्या कक्षेत घ्या.

५. शस्त्रक्रियेनंतरचे महिने हा उपचाराचाच भाग धरा. त्या काळातली मजुरी आणि फिजिओथेरपी योजनेत आणा. महिनाभरात पुन्हा घमेले उचलावे लागले तर जगातला कोणताही स्क्रू टिकणार नाही.

आणि तरुणांनो, सरकारची वाट पाहत बसू नका. जयंतीच्या वर्गणीतून एक डीजे कमी करा आणि वस्तीत आरोग्य हक्क गट बांधा. रुग्णासोबत दोघे जा. जास्तीच्या पैशांची मागणी झाली की लेखी मागा. इम्प्लांटची चिकटपट्टी डिस्चार्ज कार्डावर लावून घ्या, तिचा फोटो ठेवा. महाराष्ट्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे खासगी रुग्णालयाने रुग्णहक्क सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचे असते. नसेल तर तक्रार करा. धर्मादाय रुग्णालयात किती खाटा रिकाम्या आहेत ते रोज विचारा. आणि आपल्या मुलामुलींना डॉक्टरच नव्हे, बायोमेडिकल अभियंते, धातुशास्त्रज्ञ, फिजिओथेरपिस्टही करा. हाडे ओढणाऱ्यांच्या नातवंडांनी हाडे जोडणारे धातू घडवावेत, यात आम्हाला काहीच अशक्य दिसत नाही.

महाडला आम्ही पाणी मागायला गेलो नव्हतो. सार्वजनिक तळ्यावरचा हक्क बजावायला गेलो होतो. सार्वजनिक रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहावरही आमचा तेवढाच हक्क आहे. तो बजावायला ताठ कण्याने जाऊ.

जय भीम!