न संपणाऱ्या पाण्याचा खेळ



मे महिना लागला. मुंबईची पोरं गावी आली असतील. दोन दिवस आंबे, विहिरीत डुंबणं, म्हशीमागं फिरणं होतं आणि तिसऱ्या दिवशी पोरगं ओसरीच्या कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसतं. मग आजोबा चिडतात, आजी पोराची बाजू घेते आणि सूनबाई मधल्यामध्ये अवघडते. खताच्या मात्रा आणि बियाणं या आठवड्यापुरतं बाजूला ठेवू आणि या मोबाईलबद्दलच बोलू. रागावायचं मात्र नाही. पोरानं त्यात काय चालवलंय ते कधी शेजारी बसून बघितलंय का? पुष्कळदा ते पाणी अडवत आणि वळवत बसलेलं असतं.

खेळाचं नाव माइनक्राफ्ट. स्वीडन देशातल्या मोजांग नावाच्या कंपनीचा हा खेळ २०११ साली पुरा होऊन बाजारात आला आणि २०२३ पर्यंत त्याच्या तीस कोटींवर प्रती खपल्या. यातलं सारं जग ठोकळ्यांचं. मातीचा ठोकळा, दगडाचा ठोकळा, पाण्याचासुद्धा ठोकळा. एक ठोकळा म्हणजे लांबी, रुंदी, उंची एकेक मीटर. एकीकडचा फोडायचा, दुसरीकडं रचायचा. घर बांधा, बंधारा बांधा, नाहीतर सबंध डोंगर पोखरा, कुणी विचारत नाही.

मला हा खेळ दाखवला लालबागला, माझ्या आक्काच्या नातवानं. आक्काचं बिऱ्हाड चाळीत. दाजी गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यानंतर दाजी काही गिरणीत परतले नाहीत. बरेच हाल काढले त्या घरानं, पण गावाकडची सव्वा एकर जमीन विकली नाही. उद्या सातबाऱ्यावर या नातवाचं नाव लागणार. वय बारा. म्हणून मी जरा निवांत बसून बघितलं.

त्यानं डोंगरउतारावर पायऱ्या-पायऱ्यांची शेती केली होती आणि प्रत्येक पायरीवर गहू. सगळ्यात वर एक पेटी, तिच्यात पाण्याची बादली. तिला रेडस्टोन म्हणून एका लाल भुकटीची रेघ जोडलेली. ही भुकटी म्हणजे त्या जगातली विजेची तार. गहू पिकला की खाली कळ दाबायची. पेटीतून पाणी सुटतं, एकेका पायरीवरून धबाधबा खाली येतं आणि पिकलेला गहू उपटून वाहून नेतं. तळाला चाडं बसवलेलं असतं, त्यातून गहू थेट पेटाऱ्यात. पुन्हा कळ दाबली की पेटी पाणी परत ओढून घेते. कापणी, मळणी, वाहतूक सगळं एका दाबात! आपल्याकडं काढणीला आलेल्या गव्हात पाणी शिरलं तर डोक्याला हात लावायची वेळ येते. खेळाचा न्याय वेगळा.

"पायऱ्या कशाला केल्यास? सपाट रान नव्हतं?" मी विचारलं.

"आजोबा, सपाटीवर पाणी सातच ठोकळे जातं. शेवटच्या वाफ्याला पोचतच नाही. एक पायरी खाली उतरवली की परत सात ठोकळे मिळतात."

मंडळी, माझी नोकरी गेली शेपटाकडच्या शेतकऱ्यांच्या तक्रारी ऐकण्यात. चारीच्या तोंडाशी ऊस लोळतोय आणि शेवटच्या गट नंबरात ज्वारी करपतेय, हे तुम्हालाही नवं नाही. ते दुखणं या पोराला लालबागच्या चाळीत, पाटाचं तोंड न बघता कळलं होतं. त्याच्या जगात पाटकरी नाही, भाऊबंद नाहीत, म्हणून भांडण झालं नाही. त्यानं उतार मोजला आणि मोकळा झाला.

उसाचंही त्यानं यंत्र केलं होतं. त्या खेळातला ऊस पाण्याला लागून असलेल्या ठोकळ्यावरच येतो आणि तीन ठोकळे वाढतो. तिसरा ठोकळा आला की एक डोळा तो टिपतो, दट्ट्या पुढं सरकतो आणि मधूनच ऊस तोडतो. बुडखा तसाच राहतो, पुन्हा फुटतो. तुटलेला ऊस पाण्याच्या धारेवर तरंगत पेटाऱ्याकडं. मी म्हटलं, "अरे, हा तर खोडवा!" त्याला शब्द नवा होता. त्यानं तो दोनदा म्हणून बघितला. त्याचा खोडवा मात्र कितीही वर्षं ठेवा, उतारा घटत नाही आणि खताची गोणी लागत नाही. असो.

लालबागहून हिंदमाता जवळच. दादर-परळच्या मधला तो भाग बशीसारखा खोलगट. जोराचा पाऊस आणि समुद्राला मोठी भरती एकाच वेळी आली की गटारांची समुद्राकडची तोंडं पाण्याखाली जातात. समुद्र आत शिरू नये म्हणून दारं लावावी लागतात आणि मग पावसाचं पाणी रस्त्यावरच तुंबतं. वर्षानुवर्षं तिथं गुडघाभर पाण्यातून लोक घरी गेले. २०२१ नंतर महापालिकेनं दादरच्या प्रमोद महाजन कलापार्कखाली आणि परळच्या सेंट झेवियर मैदानाखाली भल्यामोठ्या टाक्या केल्या. तुंबलेलं पाणी पंपानं त्या टाक्यांत न्यायचं आणि ओहोटी लागली की समुद्रात सोडायचं. आपलं शेततळंच म्हणा. फरक एवढाच, आपण साठवतो ते वापरायला आणि ते साठवतात फेकून द्यायला. आणि त्याच मुंबईच्या नळाला पाणी येतं तानसा, वैतरणा, भातसा असं लांबून, ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांतल्या डोंगरांतून! याचा राग करण्यात अर्थ नाही, पण लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

तर या पठ्ठ्यानं हिंदमाता खेळात बांधायला घेतली होती. वर बाग, बागेखाली पोकळ टाकी, एका अंगाला समुद्र, मध्ये दट्ट्यानं हलणारं दार. खेळातल्या समुद्राला भरती-ओहोटी नाही, म्हणून त्यानं एक खटका बसवला. खटका वर म्हणजे भरती, दार बंद. खटका खाली म्हणजे ओहोटी, दार उघडं. पावसानंही तिथं पाणी तुंबत नाही, म्हणून रस्त्यावर बादल्या ओतल्या. एवढं सगळं जमलं, पण टाकी भरेना. पोरगं दोन दिवस त्यातच डोकं घालून बसलेलं.

खरी गोम इथं आहे. त्या खेळात बादली ओतली की तो ठोकळा पाण्याचा उगम होतो. त्यातून पाणी वाहतं, ठरलेल्या अंतरावर जातं आणि विरतं. उगम जागच्या जागी भरलेला. वर घट नाही आणि खाली भर नाही. दोन बाय दोनचा खड्डा काढून तिरक्या कोपऱ्यांत दोन बादल्या ओता, झाली विहीर. जन्मभर उपसा, पाणी तेवढंच! पाण्याला तिथं आकार आहे, वेग आहे, उतार कळतो, पण माप नाही. उन्हानं आटणं नाही, जमिनीत मुरणं नाही. चार ठोकळ्यांच्या आत पाणी असलं की वाफा ओला, मग ते पाणी वर्षभर का उभं असेना. जादा पाण्यानं रान चोपण होत नाही. आपल्या कृष्णाकाठी उसाला पाणी पाजून-पाजून क्षार वर आलेली काळी जमीन ज्यांनी पाहिलीय, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

म्हणजे हा खेळ पोराला पाटबंधाऱ्याचं निम्मं शास्त्र चोख शिकवतो आणि उरलेल्या निम्म्याबद्दल चक्क खोटं सांगतो. यात खेळाचं चुकलं असं मी म्हणणार नाही, खेळ तो खेळ. इंग्लंडमध्ये प्रेस्टन नावाचं गाव आहे, तेही एके काळी लालबागसारखंच कापडगिरण्यांचं. तिथल्या रिबल नदीच्या पुरापासून गाव कसं राखायचं हे मुलांना समजावं, म्हणून त्यांच्या पर्यावरण खात्यानं २०२२ साली याच खेळात प्रेस्टन उभं केलं. मोठ्यांनी हात लावला की खेळाचं असं शिक्षण होतं. आपल्याकडं हात लावणारं कुणी हवं, आणि ते काम सुटीत आजोबांइतकं कुणाला जमणार?

तेव्हा पोराच्या हातातला मोबाईल हिसकावू नका. त्यालाच दाखवायला सांगा आणि मग सकाळी विहिरीवर न्या. बरोबर दोनशे लिटरचं पिंप घ्या. पंपाची धार पिंपात सोडा आणि भरायला किती सेकंद लागतात ते त्याला त्या मोबाईलवरच मोजू द्या. वीस सेकंद लागले तर सेकंदाला दहा लिटर, तासाला छत्तीस हजार. आता त्याला सांगा, एक एकरावर एक इंच पाणी उभं करायचं तर एक लाख लिटरच्या वर पाणी लागतं. गणित त्याचं त्यालाच घालू द्या. तो म्हणेल, जवळजवळ तीन तास. त्याचा एक ठोकळा म्हणजे हजार लिटर, म्हणजे एकराला इंचभर पाण्याचे शंभरावर ठोकळे. आणि तुम्ही मोकाट पाणी देता तेव्हा एका पाळीला तीन इंच सहज जातं, हेही प्रामाणिकपणे सांगा. मग विहिरीत दोरी सोडून पंपाच्या आधीची आणि नंतरची पातळी मोजायला लावा. उगम खाली जातो, हे त्यानं कधी बघितलेलं नसतं.

शेजारी ठिबक असेल तर तेच पिंप किती वेळ पुरतं तेही दाखवा. मला वाटतं, आमच्या खात्याच्या दहा पत्रकांपेक्षा हे पटेल. पोराला पटेल आणि शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या बापालाही.

गावाजवळ कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असेल तर आणखी सोपं. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढतात, तो दिवस चुकवू नका. खांबांच्या खाचांतले बरगे एकेक करून निघतात आणि पाणी कसं वाट काढतं, हे बघून त्याला आपला दट्ट्या आठवेल. माझ्या नातवानं मला विचारलं होतं, लाल भुकटी नसेल तर दार आपोआप कसं उघडणार? मी त्याला राधानगरीचं सांगितलं. तिथं सात दारं आहेत. तलावाचं पाणी ठरलेल्या पातळीला आलं की पाण्याच्याच दाबानं दार उघडतं आणि पातळी उतरली की आपसूक मिटतं. विजेची तार नाही, कळ दाबायला माणूस नाही. विश्वेश्वरय्यांनी अशी आपोआप उघडणारी दारं खडकवासल्याला १९०३ साली बसवली होती. पोरानं खेळ तिथंच थांबवला आणि वहीत दाराचं चित्र काढायला बसला. आता पावसाळ्यात राधानगरी दाखवायचं कबूल केलंय.

तुमच्याकडं राधानगरी नसेल, पण रात्रीची पाण्याची पाळी तर असेल. पोराला उठवा. झोपलंय बिचारं म्हणून ठेवू नका. विंचूकाट्याचं बघून पायात बूट घाला, बॅटरी त्याच्या हातात द्या आणि दोन सऱ्या त्याला दारं धरू द्या. पहिली सरी फुटेल, पाणी शेजारच्या वाफ्यात जाईल, पोरगं घाबरेल. लगेच खोरं हातात घेऊ नका.